सोनकीची एक नोंद आणि तीन छोट्या फिल्म: जीबिफ समजावणारं अ‍ॅनिमेशन कसं आखावं

कराडच्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमचा प्रश्न आहे. त्यांच्या निसर्गमंडळातली मुलं कास पठारावर फुलांच्या आणि मायणीच्या तलावावर पक्ष्यांच्या नोंदी करतात. आयनॅचरलिस्ट आणि ईबर्ड या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर टाकलेल्या या नोंदी पुढे जीबिफमध्ये, म्हणजे ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी या सजीवांच्या नोंदींच्या जागतिक जाळ्यात पोचतात. हे जाळं समजावणाऱ्या दोन-दोन मिनिटांच्या पाच अ‍ॅनिमेशन फिल्म त्यांना मराठीत करायच्या आहेत. चित्रं काढणारे दोन विद्यार्थी आहेत, एक बरा लॅपटॉप आहे, पैसे जेमतेम. यादीही तयार आहे: जीबिफ म्हणजे काय, त्याचा इतिहास, डेटाची मानकं, उपयोग आणि सहभागी कसं व्हायचं. प्रेक्षक म्हणून विद्यार्थी, शेतकरी, वनकर्मचारी आणि शिक्षक असे सगळेच लिहिले आहेत.

मॅडम, पाच नको, तीन करा. दोन मिनिटांऐवजी दीड मिनिट ठेवा. आणि तीनपैकी एकाही फिल्मची सुरुवात “जीबिफ म्हणजे” या शब्दांनी होऊ देऊ नका.

तुमची यादी पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी झाली आहे. वर्गात ती चालते, कारण मुलं बसलेली असतात आणि तास संपेपर्यंत उठत नाहीत. मोबाइलवर दीड मिनिट मिळवायचं तर बघणाऱ्याच्या मनात आधीपासून असलेला प्रश्न हाती धरावा लागतो. ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या एका कार्यगटाने १९९९ साली शिफारस केली, २००१ साली जीबिफ उभं राहिलं, सचिवालय कोपनहेगनला आहे, सहभागी देशांची सरकारं त्याचा खर्च उचलतात, हे सगळं खरं आहे आणि तुमच्या टिपणात असायलाच हवं. पण इतिहासाची स्वतंत्र फिल्म करण्याइतकी त्यात बघण्यासारखी गोष्ट नाही. एखाद्या वाक्यात येऊन जाईल. “सहभागी कसं व्हायचं” हीसुद्धा फिल्म करू नका. अ‍ॅपचे पडदे सारखे बदलतात. आज काढलेलं बटण वर्षभरात दुसरीकडे गेलेलं असतं. त्यासाठी एक पानभर सूचना छापा आणि प्रत्यक्ष हातात फोन देऊन शिकवा.

आता प्रेक्षक. चार प्रकारच्या लोकांसाठी एकच निवेदन लिहिता येत नाही. मी तुमच्या जागी असतो तर कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांतला, हंगामात पर्यटकांना पठार दाखवणारा तरुण समोर धरला असता. कोणतं फूल कधी आणि कुठल्या कडेला येतं हे त्याला माझ्या-तुमच्यापेक्षा पक्कं माहीत आहे. त्याला फूल समजावायला जाऊ नका. त्याला माहीत नसतं ते एवढंच की फोनवरून टाकलेला फोटो पुढे जातो कुठे आणि त्याचं कोण काय करतं. त्याच्यासाठी लिहिलेली फिल्म नववीच्या मुलांना समजते, वनरक्षकालाही समजते. उलट “सर्वांसाठी” म्हणून लिहिलेलं निवेदन कोणालाच उद्देशून नसल्यासारखं वाटतं.

या तरुणाचा प्रश्न हीच पहिली फिल्म: “मी टाकलेला फोटो जातो कुठे?”

इथे जवळजवळ प्रत्येक नवा चित्रकार एकच चित्र काढतो. काळ्या आकाशात फिरणारी पृथ्वी, तिच्यावर चमकणारे ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या निळ्या रेषा. ते काढू नका. दिसायला छान असतं, पण त्यातून कळते ती माहिती चुकीची असते. सगळं सगळ्यांकडे जातं असं ते चित्र सांगतं. प्रत्यक्षात जीबिफमध्ये मूळ डेटासेट ज्या संस्थेने प्रकाशित केला तिच्याकडेच राहतो. जीबिफ त्याची प्रत उचलतं, तपासतं, सूचीत लावतं आणि शोधण्यासाठी सगळ्यांना खुली करतं. नोंदीवर कोणाची, कुठल्या संस्थेमार्फत आली, कोणत्या परवान्याखाली, हे शेवटपर्यंत लिहिलेलं असतं.

तेव्हा पृथ्वीऐवजी एक नोंद दाखवा. सोनकीचं एक पिवळं फूल, एक फोटो, त्याखाली कागदाची एक पट्टी. पट्टीवर जात, तारीख, ठिकाण, नोंदवणाऱ्याचं नाव. संपूर्ण फिल्मभर कॅमेरा या पट्टीला सोडत नाही. आयनॅचरलिस्टवर ती पोचते तेव्हा तिला फक्त फोटो, तारीख आणि जागा असते. जात पक्की नसते. मग दुसरे लोक ओळख सुचवतात. पुरेशी सहमती झाली की नोंदीला “रिसर्च ग्रेड”, म्हणजे संशोधनाला चालेल असा, दर्जा मिळतो. हा पहिला टप्पा. दुसरा टप्पा परवान्याचा. नोंदवणाऱ्याने “सर्व हक्क राखीव” ठेवलं असेल तर पट्टी इथेच थांबते, कारण जीबिफ फक्त सीसी झिरो, सीसी बाय आणि सीसी बाय-एनसी या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी) तीन मोकळ्या परवान्यांतला डेटा घेतं. हा थांबलेला क्षण फिल्ममध्ये नीट दोन-तीन सेकंद दाखवा. पट्टी उभी आहे, पुढचं दार बंद आहे, आणि निवेदक सांगतो की हे दार तुमच्या आयनॅचरलिस्ट खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. कासच्या तरुणाला स्वतः करता येण्यासारखी ही एकमेव गोष्ट संपूर्ण फिल्ममध्ये आहे. तिला जागा द्या.

उपयोगाची वेगळी फिल्म मी काढून टाकली, कारण तिचा गाभा याच फिल्मच्या शेवटच्या वीस सेकंदांत बसतो. कुठला तरी संशोधक जीबिफवरून हजारो नोंदी एकदम उतरवून घेतो. त्या उतरवलेल्या संचाला डीओआय नावाचा कायमचा क्रमांक मिळतो. संशोधक शोधनिबंधात तो क्रमांक देतो आणि त्यावरून मूळ डेटासेट देणाऱ्या संस्थेला आपला डेटा कुठे वापरला गेला ते दिसतं. पट्टी जिथून निघाली तिथे अशी पोच परत येते. “तुमची नोंद जगाच्या उपयोगी पडते” असं नुसतं म्हणण्यापेक्षा ही पोच परत येताना दाखवा. ती खरी आहे आणि डोळ्यांना दिसते.

एक सूचना. पहिल्या दोन फिल्मसाठी वायतुरा निवडण्याचा मोह होईल. जातीच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, फूल देखणं आहे, चित्रकाराला आवडेल. पण ती दुर्मिळ वनस्पती आहे, मोजक्या सड्यांवरच, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरच, उगवते. तिचा नेमका ठावठिकाणा दाखवणारी फिल्म आपणच करायची आणि तिसऱ्या फिल्ममध्ये ठिकाणं झाकायला सांगायचं, हे जमणार नाही. सोनकी सह्याद्रीत सगळीकडे आहे. तीच बरी.

दुसरी फिल्म मानकांची. तुमच्या यादीत हा विषय सगळ्यात कोरडा वाटत असणार. मला विचाराल तर तिघींत हीच सर्वांत रंगतदार होऊ शकते, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

डार्विन कोअर हे मानक म्हणजे नोंदीच्या रकान्यांची ठरलेली नावं आणि त्यांत काय, कसं लिहायचं याचा करार. २००९ साली त्याला अधिकृत मान्यता मिळाली. असं सांगितलं की बघणारा पुढे सरकतो. त्याऐवजी करार मोडला तर काय होतं ते दाखवा, आणि तेही कासच्याच नोंदीवर.

प्रसंग एक. वहीत तारीख लिहिली आहे ०५/०९/२०२३. आपण वाचतो ५ सप्टेंबर. अमेरिकेत बसलेला माणूस, किंवा तिकडच्या पद्धतीवर लावलेलं सॉफ्टवेअर, वाचतं ९ मे. पडदा मधोमध दुभंगतो. डावीकडे सप्टेंबरातलं पठार, पिवळंधमक, ढग खाली उतरलेले. उजवीकडे मे महिन्यातलं तेच पठार, तापलेला काळा कातळ, वाळलेलं गवत, आणि त्यावर ऐटीत फुललेली सोनकी. निवेदकाने काहीच बोलायची गरज नाही. कासचा माणूस ते बघून उडतो. “मे महिन्यात? सोनकी?” मग पट्टीवरची तारीख पुन्हा लिहिली जाते: २०२३-०९-०५. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. उजवीकडचं चित्र पुसलं जातं. पंचवीस सेकंदांत मानक कशासाठी असतं ते कळलं, आणि “मानक” हा शब्द अजून आलेलाही नाही.

प्रसंग दोन. कास पठार साधारण १७.७ उत्तर अक्षांश आणि ७३.८ पूर्व रेखांशावर आहे. एक्सेलच्या फाइलमध्ये हे दोन रकाने उलटसुलट झाले की फूल ७३.८ उत्तर अक्षांशावर जातं. नॉर्वेचं उत्तर टोकही खाली राहतं, ठिपका थेट ध्रुवीय समुद्रात पडतो. गंमत म्हणून हा प्रसंग चांगला आहेच, पण त्यात एक बारीक शास्त्रीय मुद्दा आहे आणि तो सोडू नका. अक्षांश शून्य ते नव्वदपर्यंत असतो, त्यामुळे ७३.८ हा आकडा अक्षांश म्हणून अगदी वैध आहे. नुसता आकडा बघून संगणकाला चूक कळत नाही. ती कळते कारण त्याच पट्टीवर शेजारच्या रकान्यात “भारत” लिहिलेलं असतं. देश एक सांगतो आणि ठिपका दुसरंच. जीबिफ हा मेळ तपासतं आणि बसला नाही तर नोंदीवर खूण लावतं. म्हणजे प्रत्येक रकाना दुसऱ्याची साक्ष देतो, म्हणून सगळे रकाने भरायचे. अक्षांश-रेखांशाच्या जागी शून्य-शून्य पडलं तर फूल आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात जातं, तेही दाखवता येईल. पण दोन प्रसंग पुरे आहेत, तिसऱ्याने वेग मरतो.

आणि दुरुस्ती कशी होते ते दाखवायला विसरू नका. जीबिफमध्ये बसलेला कुणी मूळ नोंदीतला ठिपका उचलून कासवर आणत नाही. खूण लागते, दुरुस्ती मूळ डेटासेटमध्ये, तो देणाऱ्या संस्थेकडे होते, आणि पुढच्या वेळी जीबिफ नवी प्रत उचलतं. मूळ नोंदीतला ठिपका समुद्रातून पठारावर परत येतो तो या मार्गाने. पहिल्या फिल्ममध्ये डेटा कुणाकडे राहतो हे सांगितलं होतं, त्याचा खरा अर्थ इथे लागतो.

एका तुलनेबद्दल आताच सांगून ठेवतो, कारण आपल्या भागात कुणी ना कुणी ती सुचवतंच: दूध संस्था. गावोगाव संकलन, मग टँकर, मग मोठी डेअरी. जाळं म्हटलं की सांगली-साताऱ्यात हेच आठवतं. मी ही तुलना कागदावर शेवटपर्यंत चालवून बघा असं म्हणेन. टँकरमध्ये दूध एकत्र होतं, मग कुठल्या गोठ्याचं कुठलं ते सांगता येत नाही. घातलेलं दूध आपल्याकडे उरत नाही. डेटाचं दोन्ही बाबतींत उलट आहे: नोंद आपल्याकडेही राहते आणि तिच्यावरचं नावही पुसलं जात नाही. शिवाय बघणारा लगेच विचारेल, “मग दर किती मिळतो?” तुलना सुरुवातीला कानाला गोड लागते, पण ती नेमकं तेच बिघडवते जे समजावायचं आहे. पट्टीवरच भागतंय, तर तुलनेशिवायच करा.

तिसरी फिल्म ठिकाण झाकण्याची. खर्चुडीच्या म्हणजे कंदीलपुष्पाच्या काही जाती पठारांवर आहेत आणि त्यांचे कंद खणून खाल्ले जातात. अशा फुलाचा नेमका ठावठिकाणा जगजाहीर करणं धोक्याचं. संकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या जातींसाठी आयनॅचरलिस्ट खरी जागा झाकतं. ०.२ अंशाची एक चौकट, म्हणजे आपल्याकडे साधारण एकवीस-बावीस किलोमीटर बाजूची, घेतली जाते आणि तिच्यात कुठेही यदृच्छया ठिपका ठेवला जातो. कासच्या फुलाचा ठिपका कण्हेर धरणाच्या पाण्यातही पडू शकतो. वनखात्याच्या आणि गावकऱ्यांच्या मनातली पहिली शंका हीच असते: “तुम्ही माहिती टाकता आणि मग लोक फुलं उपटायला येतात.” ही शंका रास्त आहे. तिला फिल्ममध्ये गावकऱ्याच्याच तोंडून येऊ द्या आणि मग चौकट उलगडून दाखवा. मर्यादाही सांगा: फोटोच्या मागे ओळखीचा दगड किंवा पाटी दिसत असेल, किंवा टिपणीत कुणी वाट लिहून ठेवली असेल, तर चौकटीचा उपयोग नाही. हे वाक्य कापू नका. लोकांचा विश्वास याच वाक्यावर बसतो.

आता कामाची पद्धत. आधी आवाज, मग चित्र. मराठी निवेदन समजेल अशा लयीत मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांपुढे नेऊ नये. म्हणजे दीड मिनिटाला दीडशे शब्द, बस. तुमच्या पहिल्या मसुद्यात चारशे तरी असतील. मोठ्याने वाचा, घड्याळ लावा, आणि जे चित्रात दिसणार आहे ते निवेदनातून काढा. “डेटा प्रकाशित केला जातो”, “उपलब्ध करून दिली जाते” असली वाक्यं दिसली की कर्ता शोधा. कोण प्रकाशित करतं? कोण उतरवून घेतं? कर्ता सापडला की चित्रात कोण उभं करायचं तेही कळतं.

मग फोनवरच कच्चा आवाज ध्वनिमुद्रित करा, स्टोरीबोर्डच्या, म्हणजे प्रसंगवार काढलेल्या, पेन्सिल चित्रांचे फोटो त्याखाली लावा आणि अ‍ॅनिमॅटिक तयार करा. काहीही हलत नाही, फक्त स्थिर चित्रं आणि आवाज. हा टप्पा गाळून थेट अ‍ॅनिमेशनला बसू नका. सेकंदाला चोवीस फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला बारा चित्रं, दीड मिनिटाला १,०८०. दोन विद्यार्थ्यांनी हाताने काढायचं म्हटलं तर वर्ष जाईल. म्हणून कटआउट पद्धत घ्या: पट्टी, फूल, हात, ठिपका, नकाशा असे सुटे भाग एकदाच नीट काढायचे आणि तेच हलवायचे. तीनही फिल्म एकाच पट्टीभोवती रचायला सांगतो आहे त्यामागे हेही कारण आहे. दुसऱ्या-तिसऱ्या फिल्मचे निम्मे भाग आधीच तयार असतील.

अ‍ॅनिमॅटिक कुणाला दाखवायचा? तुमच्या विभागातल्या सहकाऱ्यांना नाही. कासला जा, ज्याच्यासाठी केलं आहे त्याला फोनवर दाखवा, आणि “समजलं का?” असं विचारू नका. मान हलवून हो म्हणतात. “हे काय होतं ते तुमच्या मित्राला सांगा” असं म्हणा आणि ऐका. तो “फोटो डेन्मार्कला पाठवतात” असं म्हणाला तर कोपनहेगनचा उल्लेख चुकीच्या जागी आला आहे. तो कापा.

देवनागरी मजकुराकडे सुरुवातीपासून लक्ष ठेवा. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांटी पुढे-मागे होते. “दऱ्या”, “वाऱ्यावर”, “कृष्णा”, “श्रावण”, “ज्ञान” हे शब्द टाकून पहिल्याच दिवशी चाचणी घ्या. ल आणि श हे मराठी वळणाचे हवेत. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण आधी येतं आणि मराठी रूप वेगळं निवडावं लागतं. मजकूर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून, आकारात बदलून, मग ब्लेंडर या चित्रं हलवायच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा जे वापराल त्यात आणलात तर बहुतेक त्रास टळतो. पण मूळ मजकुराची फाइल जपून ठेवा, नाहीतर एक काना बदलायलाही पुन्हा सगळं करावं लागेल. पडद्यावर एका वेळी चार-पाच शब्दांपेक्षा जास्त नकोत. उपशीर्षकं वेगळ्या फाइलमध्ये द्या, चित्रात भाजून टाकू नका.

आकडेही निवेदनात भाजू नका. जीबिफने २०१८ साली एक अब्ज नोंदींचा टप्पा ओलांडला आणि त्यानंतर ती संख्या झपाट्याने वाढत गेली. फिल्ममध्ये बोललेला आकडा तुमचं काम संपेपर्यंत शिळा होईल. “अब्जावधी” म्हणा, नेमका आकडा वर्षासह फिल्मखालच्या वर्णनात लिहा, तो बदलता येतो.

आवाज कुणाचा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ठरवावं लागेल. रेडिओवरच्यासारखा घोटलेला आवाज घेऊ नका. कराड-साताऱ्याकडचा साधा बोलण्याचा सूर असलेली तुमचीच एखादी विद्यार्थिनी बघा. गाद्या-रजयांच्या कपाटाशेजारी, पंखा बंद करून, साध्या माइकवर सुद्धा स्वच्छ ध्वनिमुद्रण होतं. शास्त्रीय नावं तिच्याकडून आधी दहादा म्हणून घ्या. संगीत मोकळ्या परवान्याचं निवडा आणि श्रेय लिहा. डेटाच्या परवान्याबद्दल बोलणारी फिल्म दुसऱ्याचं गाणं न विचारता वापरत असेल तर ते शोभणार नाही.

वेळापत्रक फुलांच्या हंगामावरून मागे मोजा. पठारावर गर्दी ऑगस्ट-सप्टेंबरला होते, वाटाड्यांची प्रशिक्षणं त्याआधी. म्हणजे जूनअखेर पहिली फिल्म हातात हवी. दिवाळीनंतर स्क्रिप्ट, जानेवारीत अ‍ॅनिमॅटिक, परीक्षा सुरू होण्याआधी सगळे सुटे भाग, मे महिन्यात अ‍ॅनिमेशन. तिन्ही एकदम हाती घेऊ नका. पहिली करा ती दुसरी, रकान्यांची फिल्म. तिच्यात पट्टी, नकाशा आणि पठार हे सगळे भाग घडतात आणि तारखेचा प्रसंग एकटाही वर्गात दाखवता येतो.

पूर्ण झाल्यावर फिल्मसोबत मूळ फाइलीही सीसी बायखाली खुल्या ठेवा. चांदोलीकडचं किंवा सागरेश्वरचं एखादं मंडळ सोनकीच्या जागी आपल्याकडचं झाड बसवील, तारीख बदलील आणि निवेदन आपल्या बोलीत करील. अ‍ॅनिमॅटिक झाला की मला पाठवा, मी सेकंदावार टिपणं काढून देतो.